कडेच्या तुकड्यांचं प्रकरण

ब्रेडच्या प्रत्येक पुड्यात दोन स्लाइस अशा असतात, की ज्या कोणीच खात नाही. एक सगळ्यात वरची आणि एक सगळ्यात खालची. वरची स्लाइस लोक अदबीने बाजूला करतात, तिच्या मागची उचलतात आणि तिला झाकणासारखी पुन्हा जागच्या जागी ठेवतात. असं करता करता मधला सगळा ब्रेड संपतो आणि ह्या दोघी आयुष्यात पहिल्यांदाच समोरासमोर येतात. पुढे त्यांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. टाकवत नाहीत, कारण ते अन्न आहे. खाववत नाहीत, त्याचं कारण मात्र आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. मग पुड्याला पीळ घालून, रबर लावून त्यांना फ्रीजमध्ये मागे ढकलतात आणि नवा पुडा आणतात.

तक्रारसाहेबांच्या घरीही हेच चालायचं, आणि ते तसंच चालत राहिलं असतं, जर त्या सकाळी त्यांनी बायकोला फोनवर बोलताना ऐकलं नसतं.

तक्रारसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागाचे ते प्रमुख होते. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी नाही पण बिल आहे, अशा सगळ्या तक्रारी त्यांच्या टेबलावर येत आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे' जात. पुढे म्हणजे नेमकं कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नोकरीत उत्सुकता हा दुर्गुण समजला जातो. मात्र एक गोष्ट त्यांना सहन होत नसे, ती म्हणजे वाईट लिहिलेली तक्रार. 'पाणी येत नाय, लाजा वाटत नाय का' असा अर्ज खिडकीत आला, की ते अर्जदाराला आत बोलवत, खुर्ची देत आणि स्वतःच्या हाताने तक्रार नव्याने लिहून देत. माणूस आला तेव्हा भांडायला आलेला असे, जाताना आभार मानून जाई. पाणी येत नसे ते नसेच, पण आपली तक्रार इतकी सुंदर आहे ह्या समाधानात तो पुढचे काही महिने काढी.

तर, फोन.

"हो रे, रविवारी टेम्पो घेऊनच ये," बायको सांगत होती. "नुसता पडून आहे. जागा अडवतो."

साहेबांना क्षणभर वाटलं, बोलणं आपल्याबद्दलच चाललं आहे.

"कोण येतंय रविवारी?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ. त्याला ओव्हन देऊन टाकतेय."

"कोणता ओव्हन?"

"आपल्याकडे किती आहेत?"

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू."

'बघू' हा शब्द त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवला होता. त्याचा अर्थ 'हो' असाही लावता येतो, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

ओव्हन त्यांनीच हौसेनं आणला होता. त्यात एकदा केक केला होता. त्या केकबद्दल घरात बोलत नसत. त्यानंतर ओव्हनचं हळूहळू कपाट झालं. त्यात तवे, झाकणं, मोठी पातेली, चाळण्या असं काय काय राहायला आलं आणि दार लागेनासं झालं तेव्हा त्याला दोरी बांधली गेली. साहेबांच्या इतर हौसांचंही असंच झालं होतं. व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळत. चांदणं बघायला आणलेल्या दुर्बिणीचं तोंड भिंतीकडे होतं, कारण ती चांदण्याकडे वळवली की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं खिडक्या लावून घेत. मेहुण्याने ह्या सगळ्यावरून त्यांचं नाव 'आरंभशूर' ठेवलं होतं, आणि ते तो तोंडावर घेत असे. आता हाच मेहुणा टेम्पो घेऊन येणार, दोर बांधणार, आणि आरंभशूराचा एक आरंभ चार लोकांदेखत जिन्यावरून खाली नेणार!

"मी वापरणारच होतो तो," साहेब म्हणाले.

"कधी?"

"बाबा," कॉलेजला निघालेली लेक बुटाची लेस बांधता बांधता म्हणाली, "तो शेवटचा वापरला तेव्हा माझे दुधाचे दात पडायचे होते."

"एक संधी द्या," साहेब म्हणाले. हे वाक्य ते ऑफिसात रोज ऐकत. म्हणून दाखवण्याची वेळ पहिलीच.

बायको न्यायी होती. नवऱ्याच्या बाबतीत तर फारच न्यायी होती. ती म्हणाली, "ठीक आहे. रविवारी धाकटा यायच्या आत त्या ओव्हनमधून खाण्यासारखं काही निघालं, तर राहू दे. पण नवीन काही आणायचं नाही. मागच्या केकला तुम्ही अर्धं दुकान उचलून आणलं होतंत. घरात उरलंसुरलं आहे, त्यातून काय ते करा."

"आणि खाण्यासारखं म्हणजे? व्याख्या काय त्याची?"

"खाणाऱ्याने स्वतःहून दुसऱ्यांदा मागितलं पाहिजे."

"कोणीही?"

"मी आणि ही सोडून. आम्हांला तुमची दया येते."

उरलंसुरलं शोधायला म्हणून साहेबांनी फ्रीजमध्ये मागे हात घातला, तर एकामागून एक अशा कडेच्या स्लाइसच्या पुड्या बाहेर येऊ लागल्या. सगळ्यात मागच्या पुडीतलीला तर दाढी आली होती. लेकीने मोबाइलमध्ये शोधून दिलं. ब्रेड पुडिंग. दूध, अंडी, साखर आणि ब्रेड. आणि त्यात लिहिलं होतं की ताज्यापेक्षा शिळा ब्रेड उत्तम. आपल्या घरातली एखादी उणीव ही पात्रता ठरते आहे, असा अनुभव साहेबांना फार दिवसांनी आला.

अडचण एकच होती. दाढीवाल्या वगळता उरलेल्या स्लाइस ट्रेच्या एका कोपऱ्यात मावत होत्या. नवीन ब्रेड आणायचा नाही, ही अट. तेव्हा साहेबांनी समोरची बेल वाजवली.

समोर मेट्रन मावशी राहत. मोठ्या हॉस्पिटलातून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण हॉस्पिटल त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्या सगळ्या बिल्डिंगला 'अरे-तुरे' करत आणि दार उघडल्यावर आधी माणसाच्या डोळ्यांखाली बघत.

"झोप होत नाही तुझी," त्या म्हणाल्या. "काय हवंय?"

"नाही, सहज आलो होतो मावशी. म्हटलं, बरेच दिवसांत—"

"साहेबा, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. बायको पायपुसणं झटकायला आली होती, तिनं सांगितलंय मला सगळं. ब्रेड हवाय ना?" आणि त्यांनी आतून एक फुगलेली पिशवी आणून साहेबांच्या हातात कोंबली. तिचा भार कमी झाल्यावर मावशींचा चेहरा कोणीतरी ऑपरेशन यशस्वी झाल्याचं सांगितल्यासारखा दिसू लागला. "मेला टाकवत नाही रे! आणि ऐक, आधी वाळव. ओलसर ब्रेड घातलास तर पुडिंग होणार नाही, पोस्टर चिकटवायची खळ होईल. चांगला बाल्कनीत पसर, कडकडीत होऊ दे."

पिशवी घेऊन वळतात तो लिफ्टमधून सेक्रेटरी बाहेर आले. हे बिल्डिंगचे सेक्रेटरी. कोणत्याही प्रश्नावर नोटीस लावणे हा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा 'लिफ्ट बंद आहे' ही नोटीस त्यांनी लिफ्टच्या आत लावली होती.

"ब्रेड गोळा करताय?" ते म्हणाले. "मग असे दारोदार काय फिरता? बोर्डावर नोटीस लावा की! तुम्ही लिहिलीत तर प्रश्नच नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. साहेबांनी संध्याकाळी चहा घेत नोटीस लिहिली. 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, आपल्या घरी शिल्लक राहिलेले ब्रेडचे कडेचे तुकडे तसेच तत्सम उर्वरित खाद्यपदार्थ निम्नस्वाक्षरीकर्त्याकडे स्वीकारले जातील.' भाषा निर्दोष होती. 'तत्सम' हा शब्द तर त्यांना स्वतःलाच आवडला. फक्त, उभा जन्म मुदतींमध्ये घालवलेला हा माणूस नोटिशीत मुदत घालायला विसरला. कधीपर्यंत आणि किती, हे त्यात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर ते उघडेना. बाहेरून दाराच्या मुठीला पिशव्यांचा घोस लागला होता. ज्यांच्याशी नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती त्यांच्या पिशव्या होत्या, आणि ज्यांच्याशी पार्किंगवरून अबोला होता त्यांच्याही. लोकांनी ब्रेड दिला असं म्हणणं चुकीचं होईल. त्यांनी आपापला अपराधीपणा दिला आणि तो ब्रेडमध्ये गुंडाळला होता, इतकंच. वर 'तत्सम' होतंच. सादळलेली बिस्किटं, तळाला चिकटलेला जॅम, काळी पडलेली केळी, आणि एक केक, ज्यावरच्या 'शुभेच्छा'पैकी 'शुभे' एवढंच शिल्लक होतं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"लोकसहभाग," साहेब म्हणाले.

मावशींच्या सांगण्याप्रमाणे ब्रेड बाल्कनीत पसरला. बाल्कनी पुरेना तेव्हा व्यायामाच्या सायकलवरचे टॉवेल काढून तिथे पसरला. तिकडे ओव्हन रिकामा करायचं काम निघालं. दोरी सोडल्याबरोबर दार आपण होऊन उघडलं आणि आतला संसार बाहेर आला. तवे जेवणाच्या टेबलावर, झाकणं सोफ्यावर, पातेली लेकीच्या पलंगाखाली अशी सोय झाली. घरातली माणसं उभ्याने जेवू लागली. डाव काढायला बेडरूममध्ये जावं लागलं, की बायको जाता जाता साहेबांकडे एकदा बघायची.

बाल्कनीत पसरलेल्या ब्रेडची बातमी पहिल्यांदा कबुतरांना लागली. कबुतरांमध्ये नोटीसबोर्ड नसतो, पण त्यांचं काही अडत नाही. साहेब ऑफिसातून येईपर्यंत परिसरातली समस्त कबुतरं बाल्कनीच्या कठड्यावर सभेला बसली होती. आणि त्या कठड्याच्या बरोबर खाली गाडीवाल्यांची गाडी उभी असे.

गाडीवाले सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत. ते गाडी चालवत क्वचितच, पुसत मात्र रोज. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग नुसत्या नजरेने. त्या संध्याकाळी त्यांनी खाली येऊन गाडी बघितली, वर कठडा बघितला, पुन्हा गाडी बघितली, आणि साहेबांकडे जाब विचारायला म्हणून तरातरा लिफ्टमध्ये शिरले.

नेमक्या त्याच क्षणी साहेबांनी चाचणी म्हणून ओव्हनचं बटण दाबलं.

ओव्हन चालू झाला. आतला लाल दिवा लागला. साहेबांचे डोळे पाणावले. ते भावनेनं पाणावले असं त्यांना वाटलं, पण तो धूर होता. सगळा संसार बाहेर काढताना मागच्या कोपऱ्यातली प्लॅस्टिकच्या कडेची चाळणी आतच राहिली होती. पाठोपाठ कुठेतरी 'फट्' असा आवाज झाला आणि साऱ्या बिल्डिंगचे फ्रीज, पंखे, दिवे, सगळं गप्प झालं. त्या शांततेत लिफ्टच्या बाजूने कोणीतरी लोखंडी दारावर मुठी आपटत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

गाडीवाल्यांना बाहेर काढलं तेव्हा सारी बिल्डिंग जमली होती. लिफ्टमध्ये त्यांना विचार करायला भरपूर वेळ मिळाला होता. म्हणजे बोलायला चिकार होतं. पण संताप एवढा झाला होता की शब्द एकदम दारात येऊन अडकले. "कबुतर," ते म्हणाले. मग "लिफ्ट" म्हणाले. मग नाकाला रुमाल लावून "वास!" म्हणाले आणि जिन्याने निघून गेले.

"बीपी बघून घे रे तुझं!" मावशी मागून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. सोफ्यावरची झाकणं बाजूला सारून बसले आणि खिशातून एक कागद काढला.

"साहेब, तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे."

"येणारच," साहेब पडेल आवाजात म्हणाले.

"तोंडी आली असती तर मी ऐकूनच घेतली नसती. पण लेखी आहे. फक्त, ती समजत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हांलाच दाखवावी."

साहेबांनी कागद हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं: 'कबुतर. लिफ्ट. वास. ताबडतोब बंद करा. नाहीतर बघतो.' खाली सही, तीही कागद फाडून गेलेली.

साहेबांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. पण ती आरोपीची नव्हती.

"ही काय तक्रार झाली?" ते म्हणाले. "काय बंद करायचं? कबुतर? विषय नाही, संदर्भ नाही, मागणी नाही. 'नाहीतर बघतो' म्हणजे काय? कोण बघतो? अशाने न्याय मिळतो का माणसाला? पेन द्या."

माणूस व्यसनाधीन होतो तो असा. साहेब टेबलावरचे तवे सरकवून बसले आणि लिहीत सुटले. पक्ष्यांच्या उपद्रवामुळे वाहनाच्या रंगाची झालेली अपरिमित हानी आली. निष्काळजीपणे विद्युत उपकरण चालवून ज्येष्ठ रहिवाशाच्या जिवाशी झालेला खेळ आला. 'सुजाण म्हणवणाऱ्या व्यक्तीकडून असे वर्तन घडावे, ही खेदाची बाब होय' हे वाक्य लिहिताना तर ते किंचित हसले. ते जमून गेलं होतं. आणि समारोप असा: 'सबब, समितीने प्रत्यक्ष पाहणी करून खात्री करून घेतल्याशिवाय सदर ओव्हन कोणत्याही कारणास्तव सुरू करण्यात येऊ नये.'

सेक्रेटरींनी ते उभं राहून वाचलं. गाडीवाल्यांना बोलावून आणलं. त्यांनी दोनदा वाचलं. लिफ्टमध्ये अडकलेले शब्द असे एका रांगेत उभे राहिलेले बघून त्यांचा राग पार उतरला.

"मला हेच म्हणायचं होतं हो," ते सद्गदित होऊन म्हणाले, आणि सही करून साहेबांचा हात हातात घेऊन हलवला. साहेब म्हणाले, "अहो, त्यात काय, कामच आहे माझं."

लेक घरी आली तेव्हा साहेबांनी तिला प्रत वाचायला दिली. तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"बाबा, हे तुमच्याविरुद्ध आहे."

"ते जाऊ दे. मसुदा कसा आहे?"

"मसुदा भारी आहे. म्हणूनच सांगतेय. ओव्हन लावायचा नाही म्हटलंय ह्यात. आणि मामा रविवारी येतोय."

हात दाखवून अवलक्षण ही म्हण साहेबांना शाळेपासून पाठ होती. ती आपल्याला उद्देशून आहे हे त्यांच्या आता लक्षात आलं. ते सपाता घालून तसेच सेक्रेटरींकडे गेले.

"ती शेवटची अट जरा सैल करता येईल का?"

"नाही हो," सेक्रेटरी मनापासून हळहळले. "मी वाट शोधली, साहेब. तुमच्यासाठी खरंच शोधली. पण 'कोणत्याही कारणास्तव' असं तुम्ही लिहून ठेवलंय. त्यातून उंदीरसुद्धा निघणार नाही. समिती रविवारी सकाळी येईल पाहणीला. त्याच्या आधी जमत नाही, गाडीवाल्यांना गाडी पुसायची असते."

ह्या मधल्या दिवसांत साहेबांनी ब्रेड घरात आणला, पंख्याखाली वाळवला आणि कबुतरांना तोंड दाखवायचं टाळलं. बायको त्यांची घालमेल बघत होती. एकदा तिने विचारलं, "धाकट्याला सांगू का, पुढच्या रविवारी ये म्हणून?" साहेब ताठ झाले. "मुळीच नाही. मुदतवाढ मागणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो."

रविवारी सकाळी समिती आली. समिती म्हणजे सेक्रेटरी, मेट्रन मावशी आणि खुद्द गाडीवाले. साहेबांनी जय्यत तयारी ठेवली होती. ट्रेमध्ये कडकडीत कडेचे तुकडे रचलेले, त्यांवर दूध-अंडी-साखर ओतलेली, मधूनमधून जॅम, केळ्यांचे काप, बिस्किटांचा चुरा आणि वरून ते 'शुभे' कुस्करून घातलेलं. समिती ओव्हनसमोर उभी राहिली आणि ओव्हनकडे बघू लागली. ओव्हनही समितीकडे बघत होता.

"ठीक दिसतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"बंद ओव्हन ठीकच दिसणार," गाडीवाले म्हणाले. "सुरू करून दाखवा."

"पाहणीशिवाय सुरू करता येत नाही."

"आणि सुरू केल्याशिवाय पाहणी कशी करणार?"

तिघांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी कागदाकडे बघितलं. आपल्या हातून एवढी भक्कम भिंत बांधली गेली आणि तिला दार ठेवायचं राहिलं, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. "ह्यावर वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवावं लागेल," ते सवयीने म्हणाले.

"कोण वरिष्ठ?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांच्या वर फक्त गच्ची होती.

एवढ्यात खालून टेम्पोचा हॉर्न वाजला, आणि पाठोपाठ मेहुणा खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन दारात उभा राहिला. "काय भाऊजी, निरोपसमारंभ वाटतं?" त्याने जमलेली मंडळी बघून विचारलं. "नवा आरंभ कसला? की हा शेवट?"

साहेबांनी मान खाली घातली. मेट्रन मावशींनी एकदा त्या मानेकडे बघितलं, एकदा दोराकडे बघितलं.

"चला, बाजूला व्हा सगळे," त्या म्हणाल्या. "साहेबाच्या लेकी, फ्रीज बंद कर. इस्त्री, पंखे, पाण्याचा हीटर, काय असेल ते बंद. तू गाडीवाल्या, लिफ्टमध्ये जाणार आहेस का आत्ता? नाही ना? मग गप्प बस." आणि त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. फट् झालं नाही. "झाली पाहणी. ट्रे ठेव आत."

मग सगळे थांबले. बसायला जागा नसल्यामुळे उभेच थांबले. पंखे बंद, त्यामुळे घामाघूम. मेहुणा दोराला निष्कारण गाठी मारत होता. गाडीवाले नाकाला रुमाल लावून तयार होते. आणि बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून एक वास येऊ लागला. आधी दुधाचा, मग साखर लाल होतानाचा, मग असा, की सगळे नकळत एक पाऊल स्वयंपाकघराकडे सरकले. गाडीवाल्यांचा रुमाल हळूहळू खाली आला. टेम्पोवाला हॉर्न वाजवून कंटाळून वर आला, आणि वासाबरोबर दारातच थबकला.

पुडिंग निघालं. वरून तांबूस, मधे किंचित थरथरणारं. बायकोने सगळ्यांना वाटलं आणि पहिली बशी भावाच्या हातात दिली.

मेहुण्याने चमचा तोंडात घातला. दुसरा घातला. साहेब त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. बशी रिकामी झाली. ती त्याने टेबलावर ठेवली, म्हणजे ठेवायला गेला, तिथे तवे होते, आणि मग इकडेतिकडे बघत ती पुढे केली.

"भाऊजी, अजून थोडं."

"काय म्हणालात?"

"अजून थोडं द्या म्हटलं."

"पुन्हा म्हणा."

"अहो, अजून द्या की!"

"लेखी द्याल?"

"तुम्ही लिहून द्या, मी सही करतो," मेहुणा म्हणाला. पाठोपाठ गाडीवाल्यांची बशी पुढे आली. तिच्याबरोबर काही शब्द आले नाहीत, पण गाडीवाल्यांच्या बाबतीत ते साहेबांना अपेक्षितच होतं. त्यांनी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. ती ट्रेमध्ये चमचा फिरवत होती, पण हसत होती.

आणि इथेच घात झाला. दुसरी बशी संपवून मेहुण्याने बोटं चाटली आणि दोर उचलला.

"ताई, खरं सांगू? मला वाटलं होतं हा मोडकाच असणार. घरी म्हटलं होतं, चपला ठेवायला होईल. पण हा तर झकास चालतो! आता तर नेतोच. चला, एका बाजूने धरा कोणीतरी."

ओव्हन चालत नव्हता तेव्हा कोणाला त्याची एवढी ओढ नव्हती. तो चालतो हे त्यांनीच आठवडाभर खपून सिद्ध करून दिलं होतं. आठवड्यात दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःविरुद्धच खटला जिंकला होता.

"ठेव तो दोर," बायको म्हणाली.

"अगं, पण तूच—"

"मी म्हटलं होतं, पडून आहे म्हणून. आता नाही पडून. ह्यांचं काम सुरू झालंय त्यावर. माझा शब्द दिलाय मी ह्यांना, आणि दुसऱ्यांदा तूच मागितलंस. तिसऱ्यांदाही मागशील."

"टेम्पो आणलाय मी, ताई! रिकामा नेऊ?"

"रिकामा कशाला? ती व्यायामाची सायकल घेऊन जा."

"ती मी वापरणारच—" साहेब बोलू लागले. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. ते खोकले. "—नव्हतो," ते म्हणाले.

सायकल गेली. जाताना सेक्रेटरींनी ती तक्रार काढून 'पाहणी समाधानकारक' असा शेरा मारला, आणि 'बोर्डावर नोटीस लावू का?' असं विचारलं. तिघाचौघांनी एकदम 'नको' म्हटलं.

घर रिकामं झाल्यावर साहेब ट्रेजवळ गेले. मधलं सगळं पुडिंग खरवडून संपलं होतं. चारी बाजूंच्या कडा मात्र चौकटीसारख्या जशाच्या तशा उभ्या होत्या. सगळ्यांनी मधलंच खाल्लं होतं. गाडीवाल्यांच्या बशीत तर एक कडेचा तुकडा अदबीने बाजूला सारून ठेवला होता.

"बघ," साहेब खिन्नपणे म्हणाले. "ह्याच्यासाठी केला होता सगळा खटाटोप."

"ह्याचं आता काय करणार?"

"ह्याचं... पुडिंग."

बायको खळखळून हसली. तिने एक कड मोडली. ती कुरकुरली. तिने खाल्ली, मग दुसरी मोडून साहेबांच्या हातात दिली. "कड चांगली लागते की हो," ती म्हणाली. "जळकी, गोड." दोघांनी ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच, चौकटीच्या तीन बाजू संपवल्या. साहेबांना वाटलं, आरंभशूर, आरंभशूर म्हणतात लोक, पण हे काम आपण अगदी कडेपर्यंत नेलं.

मग बायकोने ट्रे धुतला. ओव्हन निवलाय का ते हात लावून बघितलं. सोफ्यावरची झाकणं उचलून आणली आणि ती ओव्हनमध्ये रचू लागली. मग तवे. मग पलंगाखालची पातेली.

साहेब बघत राहिले.

"म्हणजे... ओव्हन ठेवून घेतलास तो..."

"मग आठवडाभर बघतेय काय मी? ही पातेली दुसरीकडे मावतायत का कुठे? तुमच्या डोक्यावर ठेवू?" तिने उरलेली चौथी कड वाटीत घालून सगळ्यात वर ठेवली, दार गुडघ्याने लोटलं आणि दोरी शोधू लागली. "आणि ह्यात मुंग्या लागत नाहीत. पुढच्या रविवारी काढू सगळं परत. जॅम उरलाय अजून."

दोरी साहेबांनीच शोधून दिली. गाठ मारताना त्यांनी मनातल्या मनात शेरा लिहिला: 'अर्जदाराचे अंशतः समाधान झाले आहे. सबब, प्रकरण पुढच्या रविवारपर्यंत बंद.' ह्या वेळी त्यांनी मुदत घातली होती.